एक हात येणं

एका मिनिटात जमतील तितके प्राणी सांगा,
नर्स म्हणाली. तिच्या छातीवर घड्याळ उलटं टांगलेलं.
म्हणजे नाव-गाव-फळ-फूलमधला एकच रकाना,
मी ह्यांना समजावलं, अक्षराची अट नाही.
हे मराठीत सुटले. गाय, म्हैस, रेडकू,
थोडं थांबून पुन्हा गाय,
मग खिडकीबाहेर चढ चढणारी बस बघत बसले.
दुभाषी मी.
त्यांनी नऊ सांगितले,
मी इंग्रजीत दहा केले.
मुंगूस माझं होतं.

घड्याळ काढायला सांगितलं तेव्हा लबाडीला जागा नव्हती.
बाराही आकडे उजव्या अंगाला, दाटीवाटीनं,
जसं डाव्या बाजूला काही ओलं सांडलंय.
इचलकरंजीहून येऊन ह्याच माणसानं
हडर्सफील्डच्या गिरणीत अठ्ठावीस वर्षं
तुटलेला धागा नुसत्या आवाजावरून ओळखला होता.

शार्दूलनं ब्रिस्टलहून टॅब्लेट पाठवला.
फुगे फोडायचे, जोड्या लावायच्या,
शेवटी तो तुमच्या मेंदूचं वय सांगतो.
पहिल्या दिवशी ब्याण्णव आलं, वर रंगीत कागदांची उधळण.
हे म्हणाले, वाढदिवस आहे का कुणाचा?
मी तो टॅब्लेट पोळ्यांच्या फडक्याखाली ठेवून दिला.

खेळ म्हणजे औषध नाही, नर्सनं बजावलं होतं,
खात्री कुणीच देणार नाही.
पण खेळा. माणसांबरोबर खेळलात तर बरं.

दोघांत काय खेळणार?
दोघांत बदाम सात म्हणजे
आपलंच पासबुक पुन्हा वाचणं.
म्हणून शेजारच्या ग्लेनिसला बोलावलं.
नवरा गेल्यापासून ती कचऱ्याचे डबे बाहेर काढायच्या दिवशी
कुंपणाशी जरा जास्तच रेंगाळायची.
पाच-तीन-दोन शिकायला तिला तीन गुरुवार लागले.
दुऱ्यांपासून छक्क्यांपर्यंत सगळं बाजूला,
सत्त्या दोनच ठेवायच्या, बदाम आणि इस्पिक.
का, तिनं विचारलं.
का ते आम्हांलाही कुणी सांगितलं नव्हतं.
पण ज्याचे हात कमी भरले तो पुढच्या डावात देणेकरी,
हे तिला तत्काळ पटलं. यॉर्कशरची बाई.

हे हुकूम विसरतात. दर हाताला विचारतात.
ग्लेनिसनं मार्मालेडच्या रिकाम्या बरणीवर
चार बाजूंना चार चिन्हं रंगवली,
जो हुकूम, ती बाजू ह्यांच्याकडे.
तिचं किलवर कोबीसारखं दिसतं.
आता हे म्हणतात, कोबी हुकूम.
आम्हीही तसंच म्हणतो.

एखाद्या वेळी बरणी फिरवायचं मीच विसरते.
तेव्हा पोटात गार होतं काहीतरी,
आणि मी चहाचं विचारायला उठते.

कालचा गुरुवार.
चार वाजताच रस्त्यावरचे दिवे लागलेले, खिडकीवर गारा.
आपण जेवलो का, हे दोनदा विचारून झालं होतं.
ग्लेनिसला एकदा बाई आणि एकदा सिस्टर म्हणून झालं होतं.
मी पानं पिसली, वाटली, बरणी ठेवली.
ह्यांनी आपली पानं उचललीच नाहीत.
आधी माझं येणं, म्हणाले.
कसलं?
तुझ्याकडे माझा एक हात आहे. मागच्या डावातला.
मागचा डाव म्हणजे गेल्या गुरुवारचा,
अर्ध्यात मोडलेला, वीज गेली म्हणून.
काहीतरीच, मी म्हटलं.
ग्लेनिसनं चष्मा लावून वही उघडली.
तिच्या बारीक अक्षरात, माझ्या नावापुढे,
उणे एक.

मी पानं उलटी धरून त्यांच्यापुढे पसरली.
त्यांची बोटं कडेकडेनं फिरली,
पूर्वी ताण्यावरून फिरायची तशी,
एका पानाशी अडली. नेमका एक्का.
बदल्यात मला इस्पिक सत्ती सरकवली
आणि हसले, तोंड न उघडता, जुनं, नालायक हसू.

मग विचारलं, हुकूम कुठला?

मी बरणी त्यांच्याकडे फिरवली.
मुंगसाची बाकी अजून कुठल्याच वहीत नाही.