हरकत

मंडप, खुर्च्या, माइक, आपल्याकडे सारं भाड्यानं मिळतं.
लग्न असो, तेरवी असो, जनसुनावणी असो,
वायर तीच.

नागपूरचा मे महिना. झोन ऑफिसच्या सभागृहात
कूलर असा घरघरत होता
की साहेबांना फक्त कूलरच ऐकू यावा.
तोही मीच लावलेला, त्यांच्याकडे तोंड करून.

दारावर नोटीस: हरकती मागवण्यात येत आहेत.
मागवण्यात येत आहेत,
जसा टपरीवरून चहा मागवतात.

अँप्लिफायर ठेवायला स्टोअरची किल्ली दिली होती.
तिथं फाटक्या सतरंजीखाली कोनशिला.
काळा ग्रॅनाइट, सोनेरी अक्षरं,
रस्त्याचं नाव, प्रशासकाचं नाव,
पुढच्या मंगळवारची तारीख.
मी सतरंजी सारखी केली.
आपल्याला काय करायचं?
मागच्या वर्षीचं बिलच अजून निघालं नव्हतं.

माणशी तीन मिनिटं.
साहेबांनी टेबलावर पेन दोनदा ठोकलं
की मी बटण दाबायचं.

रेवतकर मास्तर घटनेपासून सुरू झाले
आणि प्रास्ताविकातच संपले.
मोमिनपुऱ्याचे नईमुद्दीन चाचा नकाशा घेऊन आलेले,
तो उलगडेस्तोवर वेळ गेली.
एका पोट्ट्यानं विचारलं, निवडणूक कधी?
त्याला तीन मिनिटंही नाही.

सतरा नंबरची चिठ्ठी. चंद्रभागा हेडाऊ, तांडापेठ.
"त्या गल्लीत आमी ताणा लावतो साहेब,
ऊन चढाच्या आधी,
या टोकापासून त्या टोकापर्यंत.
गल्लीचा रस्ता केला तं ताणा कुठं लावाचा,
तुमच्या टेबलावर?"
मागं कोणी हसलं. पेन वाजलं.
अंगठा दाबला गेला. माझाच.

बाई थांबल्या नाहीत.
माइक गेला हे त्यांना कळलंच नसावं.
चाळीस वर्षं मागाच्या खटखटाटावरून
नवऱ्याला, लेकरांना, शेजारणीला हाका मारलेला गळा तो,
त्याच्यापुढं कूलर काय अन् माइक काय.
शेवटच्या खुर्चीवरचा हवालदार दचकून जागा झाला.
मग सगळेच उठून बोलायला लागले.
साहेबांशी नाही,
एकमेकांशी.
नकाशाचं एक टोक मास्तरांनी धरलं, दुसरं चाचांनी.
कोणी म्हणालं, नाल्याकडून न्या रस्ता.
कोणी म्हणालं, अन् आमची घरं?
भांडले. खोडलं. पुन्हा काढलं.
साहेब केव्हा उठून गेले, कोणी पाहिलं नाही.
मी पाहिलं. जाताना कूलर बंद करायला सांगून गेले.

आठ दिवसांनी इतिवृत्त आलं:
उपस्थितांशी सविस्तर चर्चा झाली. कोणाचीही हरकत नाही.

वाक्य तसं आपलंच आहे.
नळ आला नाही, हरकत नाही.
लाइन गेली, हरकत नाही.
साहेब जेवायला गेलेत, बसतो ना, हरकत नाही.
इतक्यांदा म्हटलं आपण
की त्यांना पाठ झालं.

मी बिल लिहायला बसलो.
काऊन कोण जाणे, खरं लिहिलं.
माइक चालू: एक्केचाळीस मिनिटं.
माइक बंद: दोन तास दहा मिनिटं. बोलणं सुरू.

परत आलं, लाल शाईत:
बंद माइकचं भाडं कशाबद्दल? लेखा विभागाची हरकत.

अख्ख्या फाइलीत नोंदलेली
ती एकटी.

घेऊन गेलो तांडापेठेत.
मंगळवार होऊन गेला होता.
कोनशिला गल्लीच्या तोंडाशी उभी होती,
तिलाच त्यांनी ताण्याची दोरी बांधली होती.
चंद्रभागाबाई कुंचा फिरवत चालल्या होत्या सुतावरून.
मी हळूच वाचून दाखवलं.

काहीच ऐकू नाही आलं, म्हणाल्या.
मोठ्यानं वाच ना बे.