बऱ्हाणपूरकरांचा र

कार्ड गेलं मंगळवारी, वास देऊन.
पंख्यात रामबागेतली पंधरा वर्षांची धूळ
आणि वाळलेली एक पाल, शेपटीसकट.

सिल्व्हर मॉलच्या तळघरात मुर्तजाने ते
उलटंसुलटं केलं, भंगारवाला पितळ पाहतो तसं.
‘दीदी, ये तो अब नी आता. नया ले जाओ.
पर आपकी एक्सपी में नी चलेगा.’
घेतलं. उधारीवर.

मशीन बदला, म्हणतात सगळे.
तिच्या पाठीत एक डोंगल खुपसलंय, करडं, काडेपेटीएवढं.
त्याच्याशिवाय अक्षरांचा प्रोग्राम उघडत नाही,
आणि तो बनवणाऱ्या पुण्याच्या कंपनीचा फोन
हल्ली कुठलंसं ब्यूटी पार्लर उचलतं.

त्या प्रोग्रामात आमच्या वळणाचा ल आहे, श आहे,
पापणीसारखा अर्धा र आहे.
गेल्या वर्षी मंडळाची सभासद-सूची घाईत
भाच्याच्या लॅपटॉपवर लावली,
तर सकाळी सातला कुमुदिनीबाईंचा फोन:
‘माझ्या र ला ह च्या डोक्यावर का बसवलंत?
आमच्याकडे तो ह चा हात धरून चालतो.’

रात्री शटर अर्धं ओढून
नोटपॅडमध्ये ड्रायव्हरची फाइल उघडली.
मला वाटलेलं, काही कुलूपबंद असेल.
निघाली नावांची यादी.
कुठल्या कार्डाला आत घ्यायचं, ओळीने, चारशेएक नावं.
माझ्या कार्डाचं नाव सहा पूर्णांक एकच्या मथळ्याखाली होतं,
पाच पूर्णांक एकच्या खाली नव्हतं.
एवढंच होतं ते. बाकी ‘नी चलेगा’.

तीस वर्षं प्रुफं वाचलीत मी.
गळलेलं नाव कुठे घालायचं ते हाताला कळतं.
कार्डाचा नंबर एकेक आकडा बोट ठेवून उतरवला,
हत्यारं जुन्या फाइलीतली, नाव नव्यातलं,
पुढे त्याच्या थोरल्या भावंडाचा विभाग जोडला.
पहिल्यांदा नकार: एक स्वल्पविराम राहिला होता.
(मला! स्वल्पविराम!)
दुसऱ्यांदा पडदा निळा. एफ-आठ दाबून परत.
सोळा रंग, ढोबळ चिन्हं, मोतीबिंदू झाल्यासारखं सगळं.

पावणेतीनला तिने पुन्हा विचारलं:
या ड्रायव्हरवर अधिकृत सही नाही.
तरीही पुढे जायचं?
बाहेर महापालिकेची गाडी रस्ता धूत होती.
मी कुठल्या कामावर सही केलीय आजवर?
पत्रिकांवर निमंत्रकांची, श्रद्धांजलीवर शोकाकुलांची,
अंकावर संपादकांची.
‘तरीही’ वर क्लिक केलं.

पडदा काळा झाला. तसाच राहिला.
मग एका दमात रुंद झाला, कडांपर्यंत,
आणि मला माझीच फोल्डरं ओळखू येईनात
इतकी बारीक, स्वच्छ.

आता चालतं. पंखा ओरडतो.
झोपी गेलं की मात्र उठत नाही,
म्हणून कॅबिनेटवर चिठ्ठी चिकटवलीय:
या मशीनला झोपवू नये.
झाडायला येणारी रामकली विचारते, ‘किसको?’

सूची लावली. ब-वर आले.
बऱ्हाणपूरकर, कुमुदिनी. मोठं करून पाहिलं,
आठशे टक्के. र च्या पापणीला ह चा हात.
त्यांना सांगावं म्हणून फोन केला.
‘अगं, कळवायचंच राहिलं. मी मुलाकडे आलेय, बंगळूरला.
घर विकलं. यंदा माझं नाव काढून टाक.’
हो म्हटलं.

त्या ड्रायव्हरच्या फाइलीत
कितीतरी कार्डं अशी होती जी आता
मुर्तजाच्या तळघरातही सापडणार नाहीत.
कुणी त्यांच्या ओळी खोडल्या नव्हत्या.

छपाईला गेली सूची काल.
पान नऊ, डावीकडे, वरून चौथं.
फोन नंबरची जागा रिकामी ठेवलीय.