ठोंब

मार्चच्या पहिल्या सोमवारी कापायचं.
त्याआधी नाही.
एस्बेनने हे मला सप्टेंबरातच सांगून ठेवलं होतं,
ऑक्टोबरात पुन्हा,
आणि नाताळच्या आदल्या दिवशी, थर्मासचं झाकण फिरवता फिरवता
पुन्हा,
जणू माझ्या हातांना सुटलेली कात्रीची खाज
त्याला लांबूनच दिसत होती.

लिमफ्योर्डच्या काठावरची ही दफनभूमी.
पश्चिमेचा वारा गावात कुठेच अडखळत नाही,
अडखळतो तो सतराव्या ओळीत,
व्हिगो लाउरिड्सनच्या उशाशी.
तिथे आहे हत्तीगवत.
हत्ती या गावाने पाहिला एकदाच,
सर्कशीच्या गाडीतून उतरताना,
आणि तोही म्हणे शिंकत होता.

व्हिगो गेला ऑक्टोबरात. थोराला तेव्हाच लावायचं होतं.
ओल्या गारठ्यात कोवळी मुळं कुजतात,
मेपर्यंत थांबा, माती हाताला गार लागेनाशी होऊ दे,
असं एस्बेनने तिला सांगितलं.
सात महिने ती उघड्या मातीकडे बघायला येत राहिली.
ही माझ्या आधीची गोष्ट.
एस्बेन ती सांगतो तेव्हा टोपी काढतो
आणि काय करावं न सुचून परत घालतो.

मी आले तेव्हा गवत माझ्याहून उंच होतं.
ऑगस्टात तांबूस तुरे, नोव्हेंबरात रुपेरी,
डिसेंबरात पाती वाळून एकमेकींना घासत
कागद चाळल्यासारखी.
लोक तक्रार करत: मेलंय ते, काढून टाका.
आम्ही सुतळीने त्याची कंबर बांधायचो, सैलसर,
म्हणजे ओला बर्फ मधोमध बसून त्याला फाकवणार नाही.
मेलेलं नाही, एस्बेन म्हणायचा, पांघरूण घेतलंय.
आणि त्या पांघरुणात
एक रेन पक्षी, अक्रोडाएवढा, अख्खी जानेवारी राहून गेला.

मग तो सोमवार.
कातडी हातमोजे घाल म्हटलं होतं, मी घातले नाहीत.
पात्याची कड करवतीसारखी;
तळव्यावर अजून तीन रेघा आहेत.
वीतभर ठेवून वरचं सगळं उतरवलं
आणि पाहिलं: ठोंबाचा मधला भाग पोकळ.
करडा, भुसभुशीत, बोट घातलं तर आत जाणारा.
जिवंत ते फक्त कडेला, गोल,
सगळे उठून गेल्यावरही
शेकोटीभोवती मांडलेल्या खुर्च्यांसारखं.

पंचविसावं वर्ष. कबरीचा करार त्याच महिन्यात संपत होता.
थोरा आली, चाकांच्या आधाराने, अठ्ठ्याऐंशी वर्षांची,
आणि म्हणाली, वाढवायचा नाही.
मला इथे यायचं नाहीये, मला फ्योर्डात सोडा,
व्हिगोला पोहता येत नव्हतं, मला येतं.
मग तिने कडेच्या हिरव्या टोकांकडे बोट दाखवलं.
हे मात्र मला द्या. बादलीत मावेल एवढं.

कुदळ चालेना. एस्बेनने झाडं कापायची करवत आणली.
गडद मुळांचा वास, ओल्या दोरखंडासारखा.
चार तुकडे झाले. एक वर्तमानपत्रात गुंडाळून
थोराच्या मांडीवर ठेवला,
ती तो वृद्धाश्रमाच्या गाडीत घेऊन बसली
तान्ह्या मुलासारखा नाही,
पोस्टातून सोडवून आणलेल्या पार्सलासारखा, पत्ता तपासत.
दोन तुकडे शेडमागे लावले.
मधला जळक्या काटक्यांच्या ढिगावर.

दगड उचलला गेला. जमीन सपाट केली, दाताळं फिरवलं,
गवताचं बी पेरलं, साधं, कापायचं.

मेच्या शेवटी त्या हिरवळीत
एक कोंब वर आला, टोकदार, रुंद पानाचा,
राहिलेल्या कुठल्याशा मुळीतून.
उपटायला हवा. नियम तसा आहे,
पुढच्या आठवड्यात तिथे नवा माणूस येणार आहे.
मी फावडं आणायला शेडकडे गेले
आणि कॉफी पीत बसले.
एस्बेनने बघितलं, माझ्याकडे, मग त्या ओळीकडे.
ठोंब आहेस, म्हणाला,
आणि माझ्या कपात अजून थोडी ओतली.