रूम टोन

सरांनी सांगितलं, जागेचा नुसता आवाज आणा.
एक मिनिट. कुणी बोलायचं नाही.

सांगलीच्या मार्केट यार्डात, हळदीच्या थप्पीमागे
मी हेडफोन लावून, शमा बूम धरून.
बूम म्हणजे चिंचा पाडायची काठी,
तिला माइक बांधलेला.

'हलू नका' म्हटलं, तर हमाल खरंच थांबले.
बिराप्पा पाठीवरचं पोतं न उतरवताच,
हसू दाबत.

दहा सेकंद. वीस.
काट्याची साखळी. पारवे.
लांब मिरजेकडं निघालेली गाडी.
आणि एक श्वास, जड,
माइकच्या अगदी कानाशी.

एडिटिंगला सर म्हणाले, हा श्वास तेवढा काढ.

मी कर्सर नेला त्याच्यावर.
पडद्यावर तो, हिरव्या रेघांचा बारका डोंगर,
चढत होता, थांबत होता,
पुन्हा चढत होता.

मला शिंक आली.