सतरा मिनिटं

ओव्हन कमी पडतो, असं सगळेच म्हणत होते.
तेजेंद्र म्हणाला, हप्त्यावर दुसरा घेऊ.
लखीचंद शेठ म्हणाले, रोज वीस किलो द्या,
दादरची नानकटाई जळगावपर्यंत खपवतो.
मी होला हो केलं
आणि रात्री तेजेंद्रच्या भूगोलाच्या वहीत
मागून उभ्या रेघा मारल्या.

मळणं. वळणं. भाजणं. निवणं. भरणं.
दुसऱ्या दिवशी प्रत्येक ट्रेमागे घड्याळ लावलं.
सासूबाई दारातून म्हणाल्या, काय मोजी ऱ्हायनी वं?
वेळ, म्हटलं.
मोजीसन वाढस का तो?

वळायला बारा मिनिटं, भाजायला अठरा.
निवायला चाळीस.
मे महिना, अमळनेर, पत्र्याखालचं स्वयंपाकघर:
इथं गरम वस्तूला गार व्हायचं
कोणी शिकवलेलंच नाही.
घाईनं उचलली तर नानकटाई मधोमध दुभंगते,
आणि ट्रे चारच.
दोन आत जायचे तर दोन ओट्यावर धापा टाकत पडलेले.
बेरीज केली, पेन्सिलनं, मग पेनानं:
दर पस्तीस मिनिटांत सतरा मिनिटं
ओव्हन रिकामाच तापत होता.
ज्याच्यावर आळ, तोच बिचारा वाट बघत होता.

घरात वारा एकाच जागी:
मागच्या पडवीत, सुतळीच्या खाटेखालून.
सकाळी चोरून तिथं ट्रे ठेवून पाहिला.
वीस मिनिटं!
पण अकरानंतर ती खाट आप्पांची,
आणि आप्पांचे गुडघे मला माहीत.
माणसाला कसं सांगायचं
की माझं सगळं अडलंय ते तुमच्या झोपेपाशी?
वहीत 'आप्पा' लिहिलं नाही. 'जागा' लिहिलं.

आप्पा एकतीस वर्षं तेलगिरणीत, काट्यावर.
वही त्यांच्या हाती कशी लागली, विचारलं नाही.
चष्मा कपाळावर, बोट रकान्यातून हळूहळू
पोत्यांच्या पावतीवरून फिरावं तसं.
म्हणाले, आमचा घाणा कधी मागे पडला नाही,
डबे मागे पडायचे.
मालक मात्र दरवेळी घाणाच बदलायचा.
मग उशी बगलेत मारून
बाहेर निंबाखाली गेले.

त्या दिवशी दर पंचवीस मिनिटांनी एक घाणा उतरला.

पण अडथळा गेला नाही, नुसता सरकला.
रकाने पुन्हा भरले तेव्हा सापडला:
पंचवीसपैकी तेवीस मिनिटं
वळणारे, उचलणारे, मोजून भरणारे,
दातानं चिकटपट्टी तोडायला तोंडाशी जाणारे
हे दोन हात.
उरलेल्या दोन मिनिटांत पाणी,
एखादा फोन,
आणि चौकटीला टेकवलेली पाठ.
हे हप्त्यावर दुसरे मिळत नाहीत.

शेठना कळवलं, पंधरा किलो.
अहो, वीस ठरलं होतं.
ठरलं होतं, म्हटलं, मोजलं नव्हतं.

हिशेबानं सोळा बसत होते.
सोळाव्याचं काय झालं, ते वहीत नाही.

चारच्या सुमारास मी निंबाखाली जाते,
ताटलीत मोडका माल.
आप्पा जागेच असतात.
एक अख्खी निघाली त्यातून,
तळहातावर तोलून म्हणाले, अठरा ग्रॅम.
वीसची वळते मी, म्हटलं.
त्यांनी ती तोंडात टाकली, सावकाश चावली.
भट्टी आपली हमाली लेस ना वं.