अडीच मायक्रोफॅरड

जिल्ह्याच्या दवाखान्यात खोली नंबर चौदा,
मंगळवार आणि शुक्रवार.
मोनालीनं दुकानाच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवलं होतं,
बोर्डाच्या वर, जिथं माझी नजर जाते.
मी गेलो गुरुवारी.
मग पुन्हा गेलो.

डॉक्टर बनसोडबाई म्हणाल्या,
लहानपणी तुम्हाला पाहिलेलं कुणी आणलंय का?
आई नाही आता.
म्हणून लाडखेडहून पंचफुला आली होती, मोठी बहीण,
पिशवी मांडीवर, चपला बाहेर काढून.

अठरा प्रश्न, चार रकाने:
कधीच नाही, कधीकधी, पुष्कळदा, नेहमी.
वस्तू हरवता का?
पाने, टेस्टर, चाव्या. एकदा गिऱ्हाइकाची मोटर,
तीन हॉर्सपॉवरची, दोघांनी उचलायची,
भलत्याच ट्रॅक्टरवर चढवून दिली.
याला हरवणं म्हणायचं का, मी विचारलं.
त्यांनी न हसता 'नेहमी'वर बोट ठेवलं.

नववा प्रश्न मी ऐकलाच नाही.
डोक्यावरचा पंखा ऐकत होतो.
गुणगुणत होता, पण वारा नव्हता.

मग पंचफुला बोलायला लागली.
"याले बैल घेऊन नाल्यावर धाडलं,
का बैल घरी येत, हा नाही ये.
मुंग्याइची रांग पाहात बसे.
मंग मी जाओ पयत,
आबा वावरातून यायच्या आत."

हे मला माहीत नव्हतं.
मला वाटायचं, मी आपापला घरी यायचो.

ध्यान कोठी हाये तुह्यं?
गुरुजींनी विचारलं, आबांनी, बायकोनं, बँकेतल्या माणसानं.
ध्यान होतं.
चोवीस खाचा, खाचेत ब्याण्णव फेरे,
लाईन गेली तर टॉर्च दातात धरून,
एक फेरा चुकला नाही कधी.
चहावर साय धरली,
फोनवर अकरा मिस्ड कॉल,
आणि आर्णीच्या स्टँडवर मोनाली,
परीक्षा देऊन आलेली,
शेवटची गाडी गेल्यावर
पानठेल्याच्या उजेडात उभी.

तिनं त्या रात्री काहीच म्हटलं नाही.
खडू नंतर, दोन महिन्यांनी.

डॉक्टर म्हणाल्या, याला नाव आहे. एडीएचडी.
नवीन सुनेचं नाव घ्यावं तसं
पंचफुलानं ते दोनदा म्हणून पाहिलं.
मग विचारलं, "म्हंजे आळशी नोयता हा?"
नव्हता.
"अन् मुद्दामही नोये?"
नाही.
तिनं पिशवीचं तोंड उघडलं, परत बांधलं.
"चाळीस वर्षं," म्हणाली,
कुणाला, ते कळलं नाही.

गोळ्या लिहून दिल्या. पुढच्या महिन्यात या म्हणाल्या,
चिठ्ठी घेऊन या, विसरू नका,
आणि आपलंच वाक्य ऐकून थबकल्या.

मोनालीनं खडूनं तारीख लिहिली.
तिच्याखाली मी एक आकडा लिहिला, अडीच.
हे काय, तिनं विचारलं. सांगितलं.
ती हसली नाही, पण आकडा पुसलाही नाही.

शुक्रवारीच गेलो. नंबर आला, खिसे चाचपले.
चिठ्ठी घरी राहिली होती.
कंडेन्सर आणला होता.
"स्टूल मिळंल का?" मी विचारलं.