दुभाषी

फरवानियाचं पोलीस ठाणं, दुपारचे अडीच.
एसी इतका, की माझे हात बाह्यांच्या आत ओढलेले.
समोर अनुसया पाष्टे, मंडणगडची, वय एकतीस,
शिवणकामाच्या दुकानात दोन वर्षं.
बोटाला अंगुस्तानाचा वळ.

अधिकारी अरबीत विचारतो, मी मराठीत:
तो आत आला तेव्हा तू काय म्हणालीस?

‘बरं.’

आता या शब्दाचं काय करू?
अरबीत सरळ उभा केला तर तो ‘हो’ होतो,
आणि ‘हो’ झाला की बाई फिर्यादी उरत नाही,
आरोपी होते.

आई म्हणाली, धाकट्याच्या फीसाठी जा. बरं.
एजंट म्हणाला, इथे सही. बरं.
पासपोर्ट माझ्याकडे राहील, इथे चोऱ्या फार.
पगार पुढच्या महिन्यात एकदम.
बरं.

मग एका शुक्रवारी,
बाकीच्या पोरी भाजीला गेलेल्या,
त्यानं ड्रॉवरची किल्ली टेबलावर ठेवली
आणि बोटानं गोल गोल फिरवत राहिला.
धमकी नाही. आवाज चढला नाही.
‘तुझी इच्छा असेल तरच,’ असंसुद्धा म्हणाला.

‘मी पंख्याची पाती मोजत होते,’ ती सांगते,
‘तीनच होती.
तरी मोजत होते.’

आमच्याकडे ‘नको’ आहे, साहेब, ‘नाही’ आहे,
‘मुळीच नाही’ आहे, ‘हात लावून तर बघ’ आहे.
पण ते म्हणायला
परतीचं तिकीट लागतं.
आणि तापानं फणफणलेल्या बाईला विचारा, कशी आहेस,
ती म्हणेल, बरी आहे.

यातलं काहीच मी मोठ्यानं बोललेले नाही.
‘साहेब, हा शब्द जरा...’ एवढंच म्हणते,
तो पेन थांबवतो.
वाईट माणूस नाही. मघाशी माझ्यासाठी चहा मागवला,
साखर किती, तेही विचारलं.
‘स्पष्टीकरण नको. हो की नाही, तेवढं सांग.’

माझा इकामा एकवीस तारखेला संपतो.
कागद याच इमारतीत, वरच्या मजल्यावर,
त्याच्या भावाच्या टेबलावर.

अनुसया माझ्या ओठांकडे बघते आहे.

माझ्या तोंडून शब्द निघाला तो मराठीत,
खोलीत फक्त तिलाच कळला:

‘बरं.’